सहा ते नऊ खोली उघडी पाहिजे

आमच्या वस्तीत संध्याकाळी सहा ते नऊ हा टाईम सगळ्यात वाईट. आई कामावरून परतायची असते, बाप ड्युटीवर नाहीतर दारूच्या अड्ड्यावर, घर म्हणजे एक खोली आणि त्यात आजी आजारी, मग पोट्टे जातील कुठं, पानठेल्यावरच ना. तिथं खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी मिळते, आयपीएल चालू असलं की सट्टा घेणारा पण तिथंच बसतो, आणि पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगणारी बारा-तेरा वर्षांची पोरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत. म्हणून आम्ही चौघांनी समाजभवनातली एक खोली मागून घेतली आणि सहा वर्षं झाली, रोज त्याच वेळेला उघडतो. रोज म्हणजे रोज, दिवाळीत पण.

पहिल्या वर्षी मी व्यसनमुक्तीचे चार्ट लावले, भाषणं दिली, कोणी फिरकलं नाही. मग फुटबॉल आणला. नागपूरच्या लोकांना हे माहीतच असेल, हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे सर, 2001 साली पावसात पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, पहिल्याच स्पर्धेला 128 टीम आल्या. सरांनी आधी सुधरा मग खेळा अशी अट घातली नाही. पोरगं जेवढा वेळ मैदानात आहे तेवढा वेळ तरी ते बाकीच्या भानगडींपासून लांब आहे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं. पुढे त्याचंच स्लम सॉकर झालं, 2016 मध्ये फिफाचा पुरस्कार मिळाला, पण मला अजून ती बादलीच जास्त आठवते.

त्यांच्याकडे खेळतात तो फुटबॉल थ्रीचा प्रकार आम्ही पण सुरू केला. हे मूळचं कोलंबियातल्या मेदेयीनचं. 1994 मध्ये वर्ल्डकपमधल्या स्वयंगोलनंतर आंद्रेस एस्कोबारला तिथं गोळ्या घातल्या, त्यानंतर टोळ्यांमधल्या पोरांना एकत्र खेळवायला हे काढलं. रेफरी नसतो. खेळायच्या आधी दोन्ही टीम बसून नियम ठरवतात, मग मॅच, आणि नंतर परत बसून कोण कसं खेळलं ते बोलून पॉइंट द्यायचे. पोरी पण सोबत खेळतात, तिकडे तर पहिला गोल पोरीनंच मारायचा असा नियम होता, तो आम्ही घेतला तेव्हा आमची पोट्टे महिनाभर कुरकुरले. नंतर पोरींना पास द्यायला लागले, कारण त्याशिवाय गोलच मोजला जात नव्हता.

आमच्यातला एक, नाव नाही लिहीत, आठवीत शाळा सुटली, भांडण म्हटलं की सगळ्यात पुढे. एकदा मॅचनंतर सगळे रिंगण करून बसलो होतो, समोरचे म्हणाले आम्हाला ढकललं, मी गप्प बसले मुद्दाम, आणि बऱ्याच वेळानं हा म्हणाला, "हो, मीच ढकललं. एक पॉइंट कापा आमचा." त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा असं काही ऐकलं होतं. दोन महिन्यांनी तोच दारात उभा, "ताई, दहावी होऊन जाईल का माही?"

होते. फॉर्म नंबर 17 भरून बाहेरून बसता येतं, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि त्या एका कागदासाठी आम्ही शाळेत पाच चकरा मारल्या, प्रत्येक वेळी उद्या या. तो एकटा गेला असता तर दुसऱ्या चकरेलाच परत पानठेल्यावर बसला असता, मला खात्री आहे. अशा मुलांना अक्कल कमी नसते हो, सोबत चालणारं माणूस कमी असतं. तारीख निघून गेली की अख्खं वर्ष जातं.

यंदा आमच्याकडून पाच जण दहावीला बसतायत. बीजगणित शिकवणारं कोणीच नाहीये. आठवड्यातून दोन दिवस सातला येऊ शकणारं कोणी असेल तर खाली लिहा, पण दोन दिवस म्हटलं की दोन दिवस यायचं, पोरं दारात वाट बघत बसतात.