भोंगा बंद, डोंगर चालू

खोपोलीत जून ते सप्टेंबर टॉवेल वाळत नाही. वाळल्यासारखा दिसतो, तोंड पुसलं की कळतं. पापडाचा डबा उघडला की आधी वास घ्यावा लागतो. चार दिवस न घातलेल्या चपलेवर हिरवट लव येते. शनिवारी पुण्या-मुंबईची मंडळी येतात, मनसोक्त भिजतात आणि संध्याकाळी आपापल्या कोरड्या घरी जातात. जाताना एखादी तरी म्हणतेच, "काय नशीबवान आहात हो, दारात डोंगर!" मी "हो ना" म्हणते आणि दोरीवरचा टॉवेल उलटा करते.

डोंगर दारात आहे हे खरंच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोरघाटाचा उतार दिसतो. म्हणजे ढग नसले तर दिसतो. पण आमच्या लहानपणी या डोंगराकडे देखावा म्हणून कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही. तो अडवायचा. आणि त्याने अडवलं म्हणून तर इथे गाव वाढलं. घाट चढण्यापूर्वी माणसाला आणि जनावराला दम खायला, पाणी प्यायला जागा हवी. नाना फडणवीसांनी इथे तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं, ते या वाटेवरच. तळं अजून आहे. दम खाणारे मात्र आता वरच्या वर निघून जातात.

आगगाडीचंही तेच झालं. १८५६ साली ती खोपोलीपर्यंत आली आणि डोंगर बघून थांबली. पुढे खंडाळ्यापर्यंत लोक तट्टावरून नाहीतर पालखीतून जायचे. सात वर्षं आमचं गाव रेल्वेच्या नकाशावर शेवटचं टोक होतं, म्हणजे केवढा रुबाब! मग १८६३ ला घाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि गाडी अलीकडूनच डोंगरात शिरली. खोपोलीला उरला तो फाटा. आजही कर्जतहून सुटलेली लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत इथे येते आणि पुढे डोंगर आहे म्हणून थांबते. आल्या तोंडी परत जाते. मला ही लोकल आवडते. तिने दीडशे वर्षांत हट्ट सोडलेला नाही.

त्यानंतरची बरीच वर्षं हायवेने पोसलं. मुंबईहून पुण्याला जाणारा प्रत्येक ट्रक घाट चढण्याआधी गावात थांबायचा. रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, टायर ठोकून बघायचे, वडा खायचा, आणि वर जाऊन शिंग्रोबाला नाणं टाकायचं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ, असं म्हणतात. आमच्या वर्गातली दोन-तीन पोरं सुटीत पाण्याचे डबे घेऊन रस्त्याला उभी असायची. उतरून आलेल्या ट्रकच्या ब्रेकचा करपट वास संध्याकाळी थेट कॉलनीपर्यंत यायचा. एक्स्प्रेसवे झाला आणि तो वास कमी झाला. आता बोगदे पाडून उरलासुरला घाटही टाळायचं चाललं आहे. प्रवाशांच्या दृष्टीने चांगलंच आहे, घाटातली कोंडी मीही भोगली आहे. पण डोंगर जितका कमी अडवतो, तितकं त्याच्या पायथ्याच्या गावाचं काम कमी होतं.

डोंगराचं खरं काम मात्र पाइपातलं. लोणावळा, वळवणच्या तलावातलं पाणी सुमारे ५०० मीटर खाली आमच्या पॉवर हाऊसवर सोडायचं, ही टाटांची करामत १९१५ पासून चालू आहे. त्या विजेवर मुंबईच्या कापड गिरण्या फिरल्या. गंमत अशी की, हे पाणी मुळात इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. सरळ आपल्या वाटेने गेलं असतं तर देहू, आळंदी करत पंढरपूरला पोचलं असतं. वारी चुकवून ते आमच्याकडे कामाला लागलं. वीज करून झाली की पाताळगंगेत उतरतं. त्यामुळे सह्याद्रीतले बाकीचे ओढे होळीनंतर मान टाकतात तेव्हाही पाताळगंगा भर मे महिन्यात वाहत असते. आणि तीही मुंबईच्या सोयीने! तिकडे विजेची मागणी वाढली की इकडे पात्रातलं पाणी चढतं. दगडावर धुणं आपटणाऱ्या बायकांना हे बरोबर कळतं. एक जण नुसती मान वर करून म्हणते, "सोडलं गं," की सगळ्या जणी आपापल्या बादल्या एक पायरी वर घेतात.

ज्या गिरण्यांसाठी हा खटाटोप झाला, त्यांचे मॉल झाले. पाणी अजून कामावर येतं.

वीज, पाणी, रेल्वे, रस्ता असं सगळं एका जागी मिळाल्यावर कारखाने येणारच. पोलाद, पाइप, कागद, रसायनं, काय नव्हतं! सगळंच गेलं असं नाही, पोलादाचं काम अजून चालतं. पण अनेक गेटांवर आता फक्त वॉचमन असतो आणि त्यालाही राखायला फारसं काही नसतं. बाबांची कंपनी त्यातलीच. नाव सांगत नाही, सांगून देणी मिळणार असती तर छापलं असतं. गेटवर नोटीस लागली, मग यंत्रं भंगारात गेली, मग पत्रे. बाबांची फाइल आमच्या कपाटात आहे. तिला दर पावसाळ्यात बुरशी येते आणि ते दर दिवाळीत ती उन्हात घालतात.

मला जास्त जाणवलं ते भोंग्याचं जाणं. सकाळी सातचा, दुपारी तीनचा, रात्री अकराचा. आई सातच्या भोंग्यावर कुकर लावायची. तीनला वाजला की आम्ही बाबांची वाट बघायचो. अकराचा ऐकला म्हणजे अजून जागे आहोत हे कबूल करावं लागायचं. तो थांबला त्या आठवड्यात आईचा भात दोनदा लागला. मग हळूहळू कळलं, की त्या भोंग्याखाली बाकीचे आवाज दबलेले होते. पहाटे रानकोंबडा आरवायचाच, आम्हाला कधी ऐकू आला नव्हता. पावसाळी रात्री डोंगरातून एक अखंड घरघर येते. मी बरेच दिवस समजत होते, की कुठलंसं युनिट पुन्हा चालू झालं. ते ओढे होते.

भोंगा थांबला आणि रान खाली उतरलं. एकदम नाही, भाडेकरूसारखं. आधी कॉलनीच्या मागच्या चाळीत घुशी, मग धामण, मग कुठे बिबट्या पाहिल्याची कुजबुज. रिकाम्या क्वार्टरच्या भिंतीतून पिंपळ आला, धुराड्याच्या तोंडाशी उंबर. पहिल्या पावसानंतर बंद गेटपाशी एक ठाकर मावशी शेवळं घेऊन बसते, पानात बांधलेल्या जांभळट कोंबांच्या जुड्या. पूर्वी ती बाजारात बसायची. म्हणाली, "इथं सावली हाय, नि कोन उठवत नाय." मी दोन जुड्या घेतल्या आणि निघाले तर तिने मागून हाक मारली, "काकडं घे गं ताय, नायतं घसा खाजंल." ती हिरवी आंबट फळं टाकल्याशिवाय शेवळं शिजवणाऱ्याची जी गत होते, ती माझी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी झाली होती. सासरे दोन दिवस फक्त ताक प्यायले. बोलले काही नाहीत. बोलता येतच नव्हतं.

गावातला सगळ्यात प्रसिद्ध धबधबाही कंपनीच्या नावाचा: झेनिथ. पाइपच्या कारखान्यामागे पडतो म्हणून झेनिथ. कोणा देवाचं, ऋषीचं, राणीचं नाव नाही. त्याचं आधीचं नाव कोणाला विचारलं तर म्हातारेसुद्धा डोकं खाजवतात. पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात आणि बंदी असूनही लोक जातात.

डोंगराचं कौतुक करायला मला एका मर्यादेपर्यंतच जमतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच तालुक्यात इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं मिळालीच नाहीत, शेवटी शोध थांबवला. तेव्हापासून मोठा पाऊस लागला की बाबा रात्री उठून मागचं दार उघडतात आणि काही वेळ नुसते ऐकत उभे राहतात. इरशाळवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच नव्या इमारतींचा फलक आहे: 'सह्याद्रीच्या कुशीत तुमचं दुसरं घर'. पहिलं घर कुशीत असलेल्यांना कोणी विचारलेलं नाही.

तरी मी इथून हलत नाही. मुलगी ऐरोलीला बोलावते. चार दिवस जाते, टॉवेल वाळतात, बरं वाटतं. पाचव्या दिवशी खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो आणि मला परतीची गाडी आठवते.

परवा बऱ्याच दिवसांनी उघडलं होतं. बाबा आणि मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. समोर कंपनीच्या शेडचा सांगाडा. पत्रे नाहीत, नुसत्या छपराच्या कैच्या. त्यावर दुपारपासून वानरांची टोळी बसलेली. एक म्हातारा हुप्प्या, पाच-सहा माद्या, पोटाला चिकटलेली पिल्लं. साडेपाचच्या सुमाराला हुप्प्या उठला, गेटच्या भिंतीवर उतरला आणि त्याच्यामागून एकेक करत सगळी टोळी रांगेने डोंगराकडे निघाली. वॉचमनने मान वर करून पाहिलंही नाही.

बाबांनी घड्याळ बघितलं. मग बशीतला चहा संपवत म्हणाले, "जनरल शिफ्टची दिसतात."