किलोमीटर नको, पूल मोजा: रिबेइरा साक्रातली वाइन-भटकंती

स्पेनची वाइन म्हटली की आपल्याकडे रिओखाचं नाव निघतं आणि स्पेनची सहल म्हटली की माद्रिद, बार्सिलोना, जमलंच तर ग्रानादा. वायव्येचा गालिसिया त्या यादीत क्वचितच असतो. सान्तिआगोची पदयात्रा करणारे तिथं पोचतात, पण तेही ओउरेन्से शहराच्या वरच्या दऱ्यांकडे सहसा वळत नाहीत. या दऱ्या मिन्यो आणि सिल या दोन नद्यांनी कोरल्या आहेत. त्यांच्या काठावरचा द्राक्षमुलूख म्हणजे रिबेइरा साक्रा. आम्ही सप्टेंबरच्या उत्तरार्धात तिथं राहिलो. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते लिहितो.

सगळ्यात आधी नकाशाबद्दल. सिलच्या दरीत समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथल्या घरांच्या खिडक्याही मोजता येतात, पण गाडीने जायचं तर तास मोडतो. कारण नदीवर पूल मोजके: पश्चिमेला दोन्ही नद्या मिळतात ते ओस पेआरेस आणि पूर्वेला दोआदे गावाच्या खालचा पूल, एवढ्यावरच बहुतेकांचं येणं-जाणं चालतं. बाकी रस्ता म्हणजे उतरण, वळणं आणि परत चढण. म्हणून दिवसाचा बेत काठाप्रमाणे करा. एक दिवस उत्तर काठ, एक दिवस दक्षिण काठ, आणि मिन्योच्या बाजूला वेगळा दिवस. एकाच दिवशी दोन्ही काठ कराल तर दिवसभर स्टिअरिंगच हातात राहील.

या दोन काठांचा स्वभावही वेगळा आहे. उत्तर काठाचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने त्याला दिवसभर ऊन लागतं. तिथं पाटीच्या दगडाच्या भिंती रचून पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा केल्यात. आमांदी हा सगळ्यात नावाजलेला उपविभाग याच बाजूला. उतार इतका की काही ठिकाणी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भरतो, ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. द्राक्षं हाताने तोडायची, क्रेट खांद्यावर घ्यायचा किंवा बागेतून वर जाणाऱ्या एका रुळावरच्या छोट्या गाडीत ठेवायचा. आम्ही ती गाडी चढताना पाहिली. आवाज मोठा आणि वेग माणसाच्या चालण्याइतकाच. या प्रकाराला तिकडे ‘वीर शेती’ म्हणतात. मला आधी ते जाहिरातीचं वाटलं होतं, पण एका बागेत वीस पायऱ्या उतरून परत चढल्यावर मी तक्रार मागे घेतली.

दक्षिण काठ सावलीचा. तिथं चेस्टनटची रानं आणि त्यात जुने मठ. सांतो एस्तेवो दे रिबास दे सिल हा त्यातला मोठा, तीन ओवऱ्यांचा. आता तिथं सरकारी मालकीचं ‘पारादोर’ हॉटेल आहे. मुक्काम खिशाला जड वाटला तर नुसती कॉफी प्या आणि ओवऱ्या बघा, आम्ही तेच केलं. पण मला जास्त आवडला तो सान पेद्रो दे रोकास: खडकात खोदलेलं चर्च, जमिनीतच माणसाच्या आकाराच्या कोरलेल्या थडग्यांच्या खाचा, आणि इ.स. ५७३ सालचा शिलालेख. आपल्याकडे लेणी बघून मोठा झालेला माणूस तिथं रेंगाळतोच. सांता क्रिस्तीनाचा मठ छोटा, रानात दडलेला, पारादा दे सिलजवळ. तिथून ‘माद्रिदचे सज्जे’ नावाच्या कड्यावर जा. बागांचं दृश्य याच काठावरून मिळतं, कारण बागा समोर आहेत. सकाळी जाऊ नका, ऊन डोळ्यावर येतं आणि दरीत धुकं असतं. दुपारी चारनंतर सोनं.

मुक्काम मोनफोर्ते दे लेमोसला करा असं माझं ठाम मत आहे. गाव छोटं, पण रेल्वे आहे, किराणा आहे, डॉक्टर आहे. टेकडीवरच्या मठातही एक पारादोर आहे. खाली नदीकाठच्या १६व्या शतकातल्या जेझुइट शाळेत एल ग्रेको या नामवंत चित्रकाराची दोन चित्रं लावलेली आहेत, अशा गावात ती असतील असं वाटतही नाही. गावातल्या वाइन केंद्रात आधीच्या बुकिंगशिवायही चव घेता येते, पहिल्या दिवशी तिथं जाऊन काय आवडतं ते ठरवा. लाल मेन्सिया इथलं मुख्य द्राक्ष. रंग फिका, अंगाने हलकी, आंबट-गोड बेरीसारखी. जाड, लाकडाचा वास मारणारी रेड वाइन आवडत असेल तर निराशा होईल. गोदेल्यो हे पांढरं द्राक्ष मला त्याहून सरस वाटलं.

बोदेगा, म्हणजे वाइन बनवायच्या जागा, बहुतेक घरच्या आहेत, एकेका कुटुंबाच्या. दार उघडून आत शिरायची पद्धत नाही. दोन-तीन आठवडे आधी ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर स्पॅनिशमध्ये दोन ओळी लिहा, भाषांतराचं अॅप पुरतं. पोर्तुगीज येणाऱ्या गोव्याच्या मंडळींना गालिसियाच्या पाट्या बऱ्याच कळतील, कारण इथली भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण. वेळेचा मात्र गोंधळ होतो. नाशिककडे ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा इथं तोडणी उरकत आलेली असते. सप्टेंबर मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बागा बघायला सुंदर, पण मालकाला तुमच्याशी बोलायला सवड नसते. निवांत गप्पा हव्या असतील तर मे-जून गाठा. पाऊस इथं भरपूर, म्हणून नोव्हेंबर ते मार्च मी सुचवणार नाही.

पोचायचं कसं? माद्रिदहून ओउरेन्सेपर्यंत डिसेंबर २०२१पासून वेगवान रेल्वे धावते, सव्वादोन तासांच्या आसपास. तिथून मोनफोर्तेची रेल्वे मिन्योच्या काठाकाठाने जाते, खिडकीची जागा धरा. कार भाड्याने घ्यायची तर ओउरेन्सेतूनच घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर ती आधी सांगावी लागते, आणि छोट्या शहरांतली कार्यालयं दुपारी बंद असतात. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. ड्रायव्हर रोज आलटून-पालटून ठरवा आणि ज्याची पाळी असेल त्याने चव घेऊन बादलीत थुंकावं, तिथं त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सार्वजनिक वाहतुकीवर बागा करायचा विचार सोडून द्या. सिलवरून कॅटामरान बोटीची फेरी मात्र कराच. दीड-दोन तासांत दरी खालून दिसते. धक्के वेगवेगळ्या काठांवर आहेत, तिकीट काढताना धक्क्याचं नाव नीट वाचा.

व्हिसा शेंगेनचा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. गावातली छोटी घरं ‘शेवटी पैसे द्या’ म्हणतात, पण व्हिसासाठी नावासकट लेखी आरक्षण मागून घ्या.

जेवण हा शाकाहाऱ्यांसाठी कसोटीचा भाग. आमच्यात एक जण पक्का शाकाहारी होता. ‘मांस नको’ सांगितलं की ट्यूना मासा भरलेली एम्पानादा (भाजलेली भरवां पोळी) पुढे येते, आणि भाजीचं म्हणून आलेलं गालिसियन सूप डुकराच्या चरबीवर शिजलेलं असतं. बटाट्याचं तोर्तिया (अंडं चालत असेल तर), पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, आर्सुआचं चीज, पाव आणि बदामाची तार्ता, यावर माणूस जगतो. मिरच्यांमधली एखादी झणझणीत निघते, त्यावर पैजा लावतात. घर भाड्याने घेतलंत तर डाळ-तांदूळ न्या. मांसाहाऱ्यांची चैन आहे: लाकडी थाळीतला ऑक्टोपस, वर पिमेंतोन (लाल मिरचीची पूड) आणि जाडं मीठ. हॉटेलांची स्वयंपाकघरं दुपारी साडेतीनला बंद होतात ती थेट रात्री साडेआठला उघडतात. सोमवारी अनेक ठिकाणी कुलूप, रविवारी दुकानं नाहीत.

एक दिवस मोकळा असेल तर पूर्वेला लास मेदुलास गाठा, गाडीने साधारण दीड तास. रोमनांनी पाणी सोडून डोंगर फोडले आणि सोनं काढलं, त्याचे लाल सुळके उरलेत. १९९७पासून जागतिक वारसा आहे. ऑगस्ट २०२५च्या वणव्यात तिथली चेस्टनटची झाडं बरीच होरपळली, तेव्हा पायवाटा चालू आहेत का हे निघण्याआधी विचारा. त्याच महिन्यात शेजारच्या वाल्देओरास या वाइन-मुलखातल्या द्राक्षबागांपर्यंतही आग पोचली होती.

बाटल्यांबद्दल शेवटचं. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतलीत तर सवा दोन लिटर होतात. बाटल्या मोजे-टॉवेलात गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. आम्ही दोन गोदेल्यो आणल्या, मेन्सिया तिथंच संपवली.