फ्रोडोचे अपयश आणि कृपा

सी. एस. लुईस यांच्या ‘नार्निया’ या बालकथामालेत अस्लन हा सिंह अपराधी एडमंडच्या जागी दगडी मेजावर प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो, तेव्हा ख्रिस्ताची ओळख लगेच पटते. त्यांचे मित्र जे. आर. आर. टोल्किन यांना मात्र रूपककथा आवडत नसे. तरीही आपली कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे मुळात धार्मिक आणि कॅथलिक लेखन आहे, असे त्यांनीच १९५३ साली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील एका मित्राला पत्रातून कळवले होते.

या विधानाचा अर्थ मला त्या कादंबरीतील अग्निपर्वतावरील प्रसंगात सापडला. तिचा नायक फ्रोडो एक दुष्ट शक्तीची अंगठी त्या पर्वताच्या आगीत टाकून नष्ट करायला निघालेला असतो. इतके सोसून तेथे पोहोचलेला तो ऐन क्षणी अंगठी टाकण्यास नकार देतो, ती स्वतःची म्हणून बोटात घालतो, आणि अखेर ती नष्ट होते ती अंगठीच्या हव्यासाने झपाटलेल्या गॉलममुळे, ज्याला आधी फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याने आणि नंतर फ्रोडोने, मारणे शक्य असूनही, दयेने जिवंत सोडलेले असते. नायकाचे बळ संपते तेथे पूर्वी केलेली क्षमा कामी येते. ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ ही प्रभूच्या प्रार्थनेतील विनवणी मला त्या पानांवर प्रथमच खऱ्या अर्थाने समजली.

अंगठीच्या नाशाची तारीखही टोल्किन यांनी २५ मार्च ठेवली आहे: मरीयेला देवदूताने संदेश दिल्याच्या सणाचा दिवस, आणि जुन्या परंपरेनुसार ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूचाही. कथेत मात्र याविषयी एक शब्दही नाही.