तळमजल्यावर पाणी शिरण्याआधी

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यांवर माणसं झोपेत असतानाच पाणी शिरलं. नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण देणारं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ साली आपल्याच शहरात सुरू झालं. त्या शहरातल्या नदीकाठच्या घरांना निदान पुढच्या गोष्टी पाठ असायला हव्यात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इन्व्हर्टरकडे होतं. पाणी येताना मेन स्विच पाडायचा, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण मेन पाडला की इन्व्हर्टर ‘लाइन गेली’ असं समजतो आणि क्षणात बॅटरीवरून घराच्या वायरिंगमध्ये पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. त्याची ट्रॉली असते जमिनीवर, म्हणजे पाणी आधी तिथेच पोहोचतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग मेन, मग इन्व्हर्टरचा प्लग काढायचा. हे सगळं पाय कोरडे असतानाच. बोर्डापाशी पाणी साचलं असेल तर हात लावू नका, तसेच वरच्या मजल्यावर जा. पावसाळ्याआधीच इन्व्हर्टर आणि बॅटरी तीन-चार फुटांवरच्या मजबूत कडप्प्यावर चढवून घेतली तर उत्तम.

दुसरा धोका सिलिंडरचा. १४.२ किलो गॅसचं भरलेलं सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतं: गॅस आणि लोखंड मिळून वजन साधारण ३० किलो, आणि ते बाजूला सारतं त्याहून जास्त पाणी. तरंगलं की आडवं होतं आणि रबरी नळी ओढली जाते. रेग्युलेटर बंद करून काढा, व्हॉल्व्हवर प्लास्टिकची टोपी बसवा आणि सिलिंडर खिडकीच्या ग्रिलला उभं बांधा. ती टोपी बहुतेक घरांत हरवलेली असते. आजच शोधून दोरीने सिलिंडरलाच अडकवून ठेवा.

दाराशी वाळूची पोती रचली तरी घर भरतं, कारण गटार तुंबलं की पाणी संडासातून आणि मोरीच्या जाळीतून उलटं येतं. तिथे जाड प्लास्टिक अंथरून त्यावर पोती दाबा. पोतं अर्ध्याहून थोडंच जास्त भरा. गच्च भरलेलं दगडासारखं राहतं, फटीत बसत नाही. रचताना विटांसारखे सांधे चुकवा आणि प्रत्येक थर पायाने तुडवा.

बाहेर पडायचं ते अंधार आणि ओढ वाढण्याआधी. वाहतं पाणी गुडघ्याखाली असलं तरी माणूस पाडतं, आणि चेंबरची झाकणं उचललेली असतात, म्हणून काठीने पुढची जमीन चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. अडकलात तर ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लावा आणि मजला, माणसं, आजारी कोण, एवढं आधी सांगा.

परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय मेन चढवू नका. जमिनीखालची टाकी उपसून, घासून मगच भरा. प्यायचं पाणी गाळून २० लिटरला ०.५ ग्रॅमची एक क्लोरीन गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.