माळेगावच्या जत्रेतला कोन्योशेंते

गेल्या आठवड्यात एका चित्रप्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर हाती आलं. नांदेडात बसून मी अशी किरकोळ कामं करत असते. त्यात 'कॉन्योशेन्टी' हा शब्द आला. डिक्शनरी पाहिली न पाहिली, 'विद्वान मंडळी' लिहून मोकळी झाले. रात्री परत वाचताना खटकलं. विद्वान म्हटलं की मला शाल-श्रीफळ दिसतं. इथं तर चित्रापुढून दोन पावलं मागं सरकून डोळे बारीक करणारी माणसं होती.

शब्द मूळचा इटालियन. अठराव्या शतकात, इंग्रज श्रीमंतांची पोरं इटलीत चित्रं-पुतळे बघत हिंडायची, तेव्हा इंग्रजीनं तो उचलला. हे अनेकवचन, एकटाच माणूस असेल तर 'कोन्योशेंते'. वाइन, ऑपेरा, चित्रं यातलं आतलं कळणाऱ्यांना तो लावतात, कधी जरा नाक मुरडूनही. गंमत म्हणजे आजच्या इटलीत त्याचंच रूप 'कोनोशेंते' म्हणजे नुसता ओळखीपाळखीचा माणूस! मुळाशी लॅटिनचा 'जाणणे' अर्थाचा धातू आहे. तो आणि आपला 'ज्ञा' एकाच कुळातले. 'ज्ञा'वरून जाणणे, त्यावरून जाणकार. शब्द घरातच होता की.

आमचे मामा सातवी शिकलेले. वेळ अमावस्येच्या थंडीत माळेगावच्या जत्रेत लाल कंधारी जातीचा गोऱ्हा घेणारे लोक आधी त्यांना शोधायचे. मामा आधी जनावराच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत. चालवून आणायला लावायचे आणि खाली बसून पाय बघायचे. मग ओठ वर करून दात; पक्क्या दातांच्या किती जोड्या आल्या त्यावरून वय कळतं. विकणारा 'दोन दाती' म्हणाला तर हसून, "पाव्हणं, दुसरी जोडी फुटायली की!" भाव तिथंच खाली यायचा. देवणी जातीतला तोंड काळं असलेला तो वानेरा, अंगभर काळे डाग असलेला तो शेवरा, हे मला त्यांनीच शेंगा सोलता सोलता शिकवलं.

'विद्वान मंडळी' खोडून 'जाणकार' केलं आणि मामांना फोन लावला. "मामा, तुमच्यासारख्याला इटलीत काय म्हणायचे माहितंय का?" म्हणत शब्द दोनदा उच्चारून दाखवला.

"असंल बापा," मामा म्हणाले. "तिकडल्या बैलाला पहिली जोडी कवा येती, ते काय लिव्हलंय का त्यात?"