बायपासनंतर मी ठाकुरवाडीला अडकलो होतो

बायपास ठरली की भेटायला येणारा प्रत्येकजण छातीबद्दल बोलतो. हाड कसं कापतात, पायातली शीर कशी काढतात, कुशीवर कधी झोपता येतं. डोक्याबद्दल माझ्याशी बोलल्या त्या एकट्या भूलतज्ज्ञ मॅडम. वय 72, जुना मधुमेह, कानाला मशीन, एवढं वाचून त्यांनी फाईल मिटली आणि मला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. मग 100 मधून सात-सात वजा करत जायचं, पाच शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगायचे. मी रेल्वेत गार्ड होतो, उभा जन्म घड्याळाकडे बघण्यात गेला, त्यामुळे घड्याळ झकास आलं. शब्द मात्र तीनच आठवले. एकूण 30 पैकी 25, आणि शिक्षण कमी म्हणून एक गुण वरचा. म्हातारपणी ग्रेस मार्क मिळाला म्हणून सूनबाई हसली.

हे सगळं कशासाठी, असं मुलाने विचारलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत डिलिरियम होतो, म्हणजे मेंदूचा तात्पुरता गोंधळ उडतो, असं त्यांनी सांगितलं. चारात एकाला तरी होतो, काही पाहण्यांमध्ये निम्म्या लोकांना झालेला आढळलाय. "म्हणजे वेड लागतं का?" मुलगा म्हणाला. नाही, पण त्या वेळी बघणाऱ्याला तसंच वाटतं, असं उत्तर आलं. कारण एकच नसतं. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर गेलेला वेळ, शरीरात उठणारी सूज, काही औषधं, दुखणं, झोपेचं खोबरं, आणि मुळात वय. कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं हेही त्यात धरतात, हे मला नवीन होतं.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारताना त्यांनी सूनबाईला बाहेर पाठवलं. दारू नाही, पण बायको गेल्यापासून रोज रात्री अर्धी गोळी, हे मी सांगून टाकलं. या गोळ्यांनी गोंधळ वाढतो आणि त्या एकदम तोडल्या तरीही वाढतो, म्हणून हळूहळू कमी करायचा तक्ता त्यांनी लिहून दिला. ऑपरेशनला तेवढा अवधी होता. घाईच्या केसमध्ये तो मिळत नाही.

ऑपरेशन ठीक झालं. श्वासाची नळी काढल्यावर मी मुलाशी नीट बोललो, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचं बिल भरलं का तेही विचारलं. तो निर्धास्त होऊन धनकवडीला घरी गेला. गंमत अशी की बऱ्याच जणांचं असंच होतं. आधी माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, आणि मग घसरतो.

त्या रात्री माझी गाडी बोरघाटातल्या ठाकुरवाडीला उभी होती. घाट उतरताना ब्रेक तपासायला गाड्या तिथे थांबतात, मी आयुष्यात असंख्य वेळा थांबलोय. पण सिग्नल मिळेना. मॉनिटरची पिपाणी मला वॉकीटॉकी वाटत होती आणि त्यातलं बोलणं कळत नव्हतं, कारण कानाचं मशीन ऑपरेशनच्या वेळी काढून बाकीच्या सामानासोबत कुठल्याशा कपाटात गेलं होतं. सिस्टरने माझी हिरवी झेंडी लपवली आहे याची मला पक्की खात्री. पाण्यात काहीतरी घालताहेत म्हणून मी पाणी थुंकलं. गळ्याशी लावलेली सलाईनची नळी ओढायला गेलो, तेव्हा हात पलंगाला बांधले. का बांधले ते आज कळतं, पण त्या वेळी मला एवढंच समजलं की डबा माझ्या ताब्यात राहिलेला नाही, आणि मग मी जो आरडाओरडा केला तो सांगण्यासारखा नाही. मुलाला काय काय बोललो तेही मला सूनबाईकडून कळलं, तेसुद्धा गाळून.

सकाळी बरा, संध्याकाळी परत तेच. हे असं वरखाली होणं हीच त्याची खूण, असं डॉक्टर म्हणाले. हात-पाय, चेहरा, बोलणं तपासून त्यांनी पक्षाघात नाही ना ते बघितलं. रक्तातलं सोडियम, साखर, ऑक्सिजन, लघवीतलं इन्फेक्शन, दुखणं, पोट साफ आहे का, सगळं तपासलं. एक डॉक्टर अक्षरं म्हणायचे आणि ठरावीक अक्षर आलं की त्यांचा हात दाबायचा. मी प्रत्येक अक्षराला दाबत होतो म्हणे.

शेजारच्या पलंगावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. दिवसभर गप्प, डोळे अर्धे मिटलेले. "बघा, किती शहाण्यासारखे पडून आहेत," असं त्यांच्या घरचे म्हणायचे, आणि माझ्या मुलाला ओशाळल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी हाताची परीक्षा त्यांचीही घेतली, तर त्यांनाही डिलिरियमच निघाला. गप्प बसणारा प्रकार जास्त निसटतो, कारण तक्रार करायला कोणी नसतं. माझ्यासारखा बोंब मारणारा निदान लक्षात तरी येतो.

मला गोंधळातून बाहेर काढणारं जादूचं औषध काही आलं नाही. कानाचं मशीन शोधून लावलं, चष्मा दिला, समोर मोठं घड्याळ ठेवलं. भेटायला रोज एकच माणूस, तेही दिवसा. सूनबाई येऊन शांतपणे सांगायची, "बाबा, आज गुरुवार, तुम्ही पुण्यात आहात, ऑपरेशन झालंय." रात्री माझ्या बाजूचे दिवे कमी केले, जमेल तितक्या तपासण्या सकाळवर ढकलल्या. ब्रदरने धरून खुर्चीत बसवलं, मग चालवलं. वाद घालू नका आणि होलाही हो करू नका, हे घरच्यांना सांगितलेलं फार उपयोगी पडलं असं मुलगा म्हणतो. मी झेंडी मागितली की तो "गाडी सुखरूप आहे" असं न म्हणता माझा हात धरून बसायचा.

घरी आल्यावर गाडी गेली, पण डोकं ताळ्यावर नव्हतं. पेपरातल्या बातमीचं शेवटचं वाक्य येईपर्यंत पहिलं विसरायचो. सोसायटीचा हिशेब माझ्याकडे असतो. तीच बेरीज दर वेळी वेगळी यायला लागली तेव्हा वही शेजाऱ्याकडे दिली.

नातीने इंटरनेटवरून 2001 सालचा एक अमेरिकन अभ्यास काढला. बायपासनंतर घरी जाताना 53 टक्के लोकांची बुद्धी मंदावलेली, सहा महिन्यांनी 24 टक्के, आणि पाच वर्षांनी परत 42 टक्के. वाचून माझी झोप उडाली. मॅडमना दाखवलं, तर त्यांनी पुढची गोष्ट सांगितली: नंतरच्या अभ्यासांत बायपास न झालेल्या हृदयरोग्यांशी तुलना केली, तेव्हा काही वर्षांनी त्यांचीही घसरण साधारण तेवढीच दिसली. म्हणजे पाच वर्षांनंतरचं सगळं खापर ऑपरेशनवर फोडता येत नाही. वय, बीपी, साखर आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचाही त्यात वाटा आहे. मात्र डिलिरियम झालेल्यांना सावरायला जास्त वेळ लागतो, हेही त्यांनी लपवलं नाही. 2012 च्या एका अभ्यासात 225 रुग्णांपैकी 46 टक्क्यांना डिलिरियम झाला होता. सहा महिन्यांनंतर त्यांच्यातले 40 टक्के पूर्वपदाला आलेले नव्हते. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण 24 टक्के होतं.

तळजाईला सकाळी चालायला जाऊ लागलो. साखर आटोक्यात आणली, झोपेची गोळी परत सुरू केली नाही. हिशेबाची वही काही महिन्यांनी परत घेतली, बेरीज मात्र शेजाऱ्याकडून तपासून घेतो. परीक्षा पुन्हा झाली, गुण आधीइतकेच, आणि शब्द याही वेळी तीनच. माणसांची नावं अजून अडतात. वर्षाने परत बोलावलंय.

साडूच्या वॉल्व्हचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. त्याला हे सगळं सांगून उपयोग नाही, तो कोणाचं ऐकत नाही. त्याच्या मुलीला बाजूला घेतलं आणि आयसीयूत त्याचा चष्मा कोणाच्या ताब्यात राहणार हे हॉस्पिटलला आत्ताच विचारून ठेव म्हटलं.