अडतिसावं पान

विभागाच्या स्मरणिकेसाठी आलेल्या पत्रासोबत एक फॉर्म होता. नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा हुद्दा, पुरस्कार, पेटंट आणि सगळ्यात खाली 'कारकिर्दीतील महत्त्वाचे टप्पे (तीन ओळींत)'. आमच्या वर्गातला एक जण कुलगुरू झाला, एकीनं औषधांच्या संशोधनात नाव काढलं. त्यांच्या तीन ओळी भरगच्च असतील, आणि असाव्यातच. माझं घोडं मात्र त्या टप्प्यांपाशी अडलं. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा तळमजल्यावरच्या तराजूच्या खोलीत जाऊन पोचलो. म्हणून फॉर्मऐवजी हे. समितीनं सांभाळून घ्यावं.

सरांचं नाव लिहीत नाही. ज्यांनी त्या खोलीत दोन वर्षं काढली त्यांना 'सर' एवढंच पुरे.

दार हळू ढकलायचं, पंखा बंद, बोलणं कुजबुजत. दगडी ओट्यावर काचेच्या पेट्यांत ओळीनं मांडलेले तराजू. वजनं चिमट्यानंच उचलायची. आणि काटा थांबायची वाट पाहायची नाही! हे पहिल्या दिवशी कुणालाच पटायचं नाही. काटा झुलत असतानाच डावीकडची तीन टोकं आणि उजवीकडची दोन टिपायची, दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या काढायच्या आणि मग त्या दोन सरासऱ्यांची सरासरी. झोका दर फेरीला थोडा लहान होत जातो, म्हणून एका बाजूचं एक रीडिंग जास्त. कुणी म्हणालंच, "सर, थांबल्यावर एकदाच बघितलं तर?" की सर विचारायचे, "तो थांबलाय की अडकलाय, हे तुला कसं कळणार?"

जर्नलला पानांचे आकडे आधीच घालून घ्यावे लागत. खोडरबर वर्गात आणायचंच नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी सही. काहींना सर खडूस वाटत. वाटोत.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. मूस, म्हणजे चिनी मातीची छोटी वाटी, तापवायची, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या झाकणबंद भांड्यात, गार करायची, वजन करायचं. पुन्हा तापवायची, पुन्हा वजन. दोन वजनं जुळेपर्यंत हेच. माझी मूस दुसऱ्यांदा तापवल्यावर चार मिलिग्रॅमनं जड भरली. तापवून ओलावा जातो, वजन घटायला हवं, वाढतं कसं? मी इकडंतिकडं पाहिलं, पान फाडलं, चुरगळून कोपऱ्यातल्या टोपलीत टाकलं आणि नव्या पानावर सुबक अक्षरात जुळणारे आकडे लिहिले. दोन्ही मनचे.

सरांनी जर्नल हातात घेतलं. आकडे पाहिलेच नाहीत. "सदतीसनंतर एकोणचाळीस," ते म्हणाले. "अडतीस कुठं गेलं?"

मी गप्प. सरांनी टोपलीकडे नुसतं पाहिलं. सगळ्या वर्गादेखत तो बोळा मी हातांनी शोधून काढला. सरांनी तो ओट्यावर ठेवून तळहातानं सपाट केला, डिंकाची बाटली आणवली आणि पान स्वतः जागच्या जागी चिकटवलं. मग स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. पहिल्या वेळी मूस किती मिनिटं गार केलीस? मी खरं सांगितलं, घाई केली होती. "मूस कोमट होती. पेटीतली हवा तिच्याभोवती तापून वर चढत होती आणि पलड्यालाही उचलून धरत होती. म्हणून पहिलं वजन कमी भरलं. दुसरं बरोबर आहे. तू फाडलंस त्या पानावर तुझं उत्तर होतं." एवढं बोलून त्यांनी अडतिसाव्या पानावर 'पाहिले' असं लिहून सही केली. एकोणचाळिसाव्या पानावर केली नाही.

त्याच दिवशी की पुढच्या आठवड्यात, आता नक्की आठवत नाही, पण लॉर्ड रॅले यांची गोष्ट त्यांनी ओट्याला टेकून सांगितली ती मात्र जशीच्या तशी आठवते. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगांतून काढलेला नायट्रोजन. एकाच काचगोळ्यात भरून तोलला, तर एक सुमारे २.३१ ग्रॅम, दुसरा सुमारे २.३० ग्रॅम. फरक जेमतेम अकरा मिलिग्रॅमचा. माणूस केंब्रिजचा पदवीधर, गणिताच्या परीक्षेत पहिला आलेला, पुढं कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख झालेला. त्यानं १८९२ मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून सरळ विचारलं की हे आकडे जुळत नाहीत, कुणाला कारण सुचतंय का? त्या न जुळणाऱ्या आकड्यांतून रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या हाती आरगॉन हा हवेत दडलेला नवा वायू लागला आणि १९०४ मध्ये एकाला भौतिकशास्त्राचं, दुसऱ्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. "आणि आपण," सर म्हणाले, "चार मिलिग्रॅमसाठी पान फाडतो." वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

आता माझे टप्पे, समितीनं मागितलेतच म्हणून. उभा जन्म वजनं तोलण्यात गेला, हे थट्टेनं नाही, शब्दशः. पदवीनंतर प्रमाण वजनांच्या प्रयोगशाळेत लागलो आणि वस्तुमान विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो. एका किलोत मायक्रोग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तुलनायंत्र-कक्ष आमच्या हातून उभा राहिला. त्याचा अभिमान आहे, खोटा विनय कशाला!

पण फॉर्ममध्ये न बसणारी एक गोष्ट सांगतो. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळा एकमेकींशी वजनं ताडून पाहतात. आपला निकाल इतरांचा न पाहता आधीच पाठवायचा असतो, मागाहून बदलता येत नाही. एका वर्षी आमचा आकडा सगळ्यांपासून नव्वदेक मायक्रोग्रॅम दूर पडला. काही कारण पुढं करून निकाल मागे घेऊ या, असं कार्यालयात बरंच घाटत होतं. बढतीचं वर्ष होतं, मलाही मोह झाला नाही असं नाही. मग पूर्ण महिना शोधण्यात घालवला. प्लॅटिनम-इरिडियमचा एक किलो आणि पोलादाचा एक किलो हवेत तोलले तर हवेच्या उचलीमुळं त्यांच्यात सुमारे ९४ मिलिग्रॅमचा फरक दिसतो. पोलाद जास्त जागा व्यापतं म्हणून. ती दुरुस्ती हवेच्या घनतेवरून करतात आणि घनता काढायला दाबमापक लागतो. आमचा दाबमापक एका हेक्टोपास्कलनं चुकत होता. हवेचा दाब हजारेक हेक्टोपास्कल, म्हणजे एक हजारात एक! ९४ मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे आमचे ते नव्वदेक मायक्रोग्रॅम. आकडा तसाच ठेवला, चूक लिहून कळवली, त्या काळात दिलेली प्रमाणपत्रं परत मागवली. बढती दोन वर्षांनी मिळाली.

१६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायमध्ये किलोग्रॅमची व्याख्या बदलण्याचं मतदान झालं, ते आम्ही सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. १८८९ पासून जगाचा किलो म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्हरमधल्या तिजोरीतला जेमतेम ३९ मिलिमीटर उंचीचा एक ठोकळा. तो निवृत्त झाला आणि २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधला गेला. मतदानाच्या संध्याकाळी सरांना फोन लावला. ऐकू कमी येत होतं, मला ओरडून सांगावं लागत होतं. ठोकळा आणि त्याच्या प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचं अंतर पडलं, हे सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "बदललं कोण? तो की प्रती?"

"सांगता येत नाही, सर. व्याख्येप्रमाणं तो कायम बरोबर एक किलोच."

"म्हणजे चुकलं तर सगळ्या जगाचं, त्याचं कधीच नाही," सर म्हणाले. "खाशी सोय आहे."

तो आमचा शेवटचा फोन. सरांच्या नावापुढं डॉक्टर लागलं नाही, प्राध्यापकपदही मिळालं नाही. या फॉर्ममधला एकही रकाना त्यांना भरता आला नसता.

मागं विभागात येऊन गेलो. तराजूच्या खोलीत आता संगणक आहेत आणि तराजू तिसऱ्या मजल्यावर गेलेत. इलेक्ट्रॉनिक, क्षणात आकडा दाखवणारे. ते जुन्यांपेक्षा चांगले आहेत, रडगाणं गाण्यात अर्थ नाही. तरी ओटा दिसला नाही तेव्हा कसंसंच झालं. वर एक विद्यार्थिनी वैतागून बसली होती. तळमजल्यावर बरोबर २०० ग्रॅम दाखवणारं वजन वर १९९.९९९९४ दाखवत होतं. तराजू वर आणल्यावर पुन्हा जुळवून घ्यायचं राहिलं होतं. इलेक्ट्रॉनिक तराजू वस्तुमान नव्हे, ओढ मोजतो, आणि दहाएक मीटर वर गेलं की पृथ्वीची ओढ एक कोटीत तीन भागांनी घटते. २०० ग्रॅमला ते ०.०६ मिलिग्रॅम होतात, बरोबर तिच्याइतकेच. दोन्ही आकडे तिनं वहीत लिहून ठेवले होते, एकाशेजारी एक, पुढं प्रश्नचिन्ह. मी कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, खाली नेऊन पुन्हा एकदा तोल. ती तराजू उचलायला निघाली, तेव्हा दुसरी बाजू मी धरली.

पत्रात पासपोर्ट आकाराचा फोटोही मागितला आहे. त्याऐवजी अडतिसाव्या पानाचा पाठवतो आहे. जर्नल तीन घरं फिरूनही शाबूत आहे, डिंक पिवळा पडलाय. खालच्या कोपऱ्यात सरांचं 'पाहिले' आहे. शाई फिकी झाली आहे, छापताना तेवढी थोडी गडद करून घ्यावी.